रीत अंगवळणी पडेपर्यंत : नव्या समाजाचे सदस्य होऊ पाहणाऱ्यांसाठी

एखादी गोष्ट कळणे आणि ती अंगवळणी पडणे यांत मराठीने जो भेद केला आहे, तो संस्कृती शिकण्याच्या बाबतीत फार नेमका ठरतो. कळलेली गोष्ट दरवेळी आठवावी लागते. अंगवळणी पडलेली गोष्ट मात्र आठवावी लागत नाही, कारण कोणासमोर आवाज उतरवायचा, कोणाला नावाने हाक मारायची नाही, कधी गप्प राहायचे आणि निरोप घेताना किती वेळ रेंगाळायचे या निमिषार्धात घेतलेल्या निर्णयांत ती आधीच मुरलेली असते. नव्या देशात, नव्या भाषेच्या प्रदेशात किंवा अगदी नव्या व्यवसायात पाऊल ठेवणारा प्रौढ माणूस बहुधा पहिल्या प्रकारच्या ज्ञानामागे लागतो. तो नियम विचारतो, काय करावे आणि काय टाळावे याच्या याद्या पाठ करतो, आणि वर्ष उलटले तरी आपण बाहेरचेच का वाटतो या प्रश्नाशी अडून बसतो. त्याच्यासाठी पुढील मार्गदर्शन लिहिले आहे. त्याचा मुख्य आग्रह असा की, माहिती मिळवण्याआधी त्या समाजाच्या कामकाजात एखादी छोटी, खरीखुरी जागा मिळवावी, कारण संस्कृती मुख्यतः त्या जागेवर उभे राहूनच शिकता येते.

पहिली संस्कृती आपण कशी शिकलो

दुसरी संस्कृती शिकायला निघण्यापूर्वी पहिली आपल्या अंगी कशी आली हे समजून घेणे उपयोगाचे आहे. एडवर्ड टायलर या मानववंशशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये संस्कृतीची जी व्याख्या केली, तिच्यात ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा आणि रूढी यांच्या जोडीला ‘समाजाचा सदस्य या नात्याने माणसाने संपादन केलेल्या’ इतर क्षमता आणि सवयी यांचाही समावेश होता. यातील दोन शब्द महत्त्वाचे आहेत. संस्कृती संपादन करावी लागते, ती रक्तातून येत नाही. आणि ती सदस्य या नात्याने संपादन होते, प्रेक्षक या नात्याने नव्हे. समाजशास्त्र या प्रक्रियेला सामाजिकीकरण म्हणते. घरात आणि अगदी जवळच्या माणसांत होणारे ते प्राथमिक, आणि शाळा, व्यवसाय, संस्था किंवा नवा देश यांतून पुढे होणारे ते दुय्यम.

हे संपादन किती लवकर सुरू होते याचे एक उदाहरण मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटेल. ‘त’ आणि ‘ट’ यांतील फरक आपल्याला इतका स्पष्ट ऐकू येतो की, तो कोणाला ऐकू येत नसेल यावर विश्वास बसत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हिंदीतील हेच दोन वर्ण इंग्रजी भाषक घरांतील तान्ह्या मुलांना ऐकवले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना त्यांतील फरक ओळखता आला, पण दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी फारच थोड्यांना तो ओळखता आला. ज्या घरांत हिंदी बोलली जाते तेथील मुलांची ही क्षमता मात्र टिकून होती. म्हणजे पहिला शब्द नीट उच्चारण्याआधीच मूल आपल्या समाजाला जो भेद महत्त्वाचा वाटतो तो धरून ठेवू लागते आणि जो वाटत नाही तो सोडून देऊ लागते. आपण जे ऐकत नाही ते आपल्याला ऐकू न येण्याचेही शिक्षण झालेले असते, ही गोष्ट नवागताने विसरू नये. नव्या समाजात जे त्याच्या नजरेतून निसटते, ते त्याच्या बुद्धीच्या उणिवेमुळे निसटत नाही. त्याच्या पहिल्या शिक्षणाने ते बाजूला सारलेले असते.

दुसरी गोष्ट अनुकरणाची. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका पेटीतून बक्षीस कसे काढायचे हे दाखवताना त्यांनी काही निरुपयोगी कृतीही मुद्दाम करून दाखवल्या. पेटी पारदर्शक असल्यामुळे त्या कृती निरुपयोगी असल्याचे दिसत होते, तेव्हा चिंपांझींनी त्या वगळून थेट बक्षीस काढले. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र सगळ्या कृती जशाच्या तशा केल्या. वरवर पाहता चिंपांझी अधिक हुशार ठरतात. परंतु ‘हे असेच का करतात’ याचे उत्तर कळण्याआधी ते तसे करून पाहण्याची मुलांची तयारी हीच माणसाच्या संस्कृतीची मोठी ताकद आहे, असे मला वाटते. ज्या रीतींचे कारण कोणालाच सांगता येत नाही, त्या केवळ अशाच तयारीमुळे पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतात. प्रौढ नवागत नेमका येथे अडतो. तो आधी कारण मागतो.

तिसरी गोष्ट शिकवण्याच्या पद्धतीची. मुलांना शिकवण्याची एकच नैसर्गिक रीत असते ही समजूत खरी नाही. पापुआ न्यू गिनीमधील कालुली समाजात बाम्बी शिफेलिन यांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले की, तेथील मोठी माणसे तान्ह्या मुलांशी बोबडे किंवा सोपे करून बोलत नाहीत. आई मुलाला मांडीवर घेताना त्याचे तोंड समोरच्या माणसांकडे करते, त्याच्या वतीने बोलते, आणि मूल थोडे मोठे झाले की, काय बोलायचे ते आधी स्वतः उच्चारून त्याला ‘एलेमा’ म्हणजे ‘असे म्हण’ असे सांगते. तेथे मूल भाषा आणि कोणाशी कसे वागायचे हे एकाच वाक्यातून शिकते. काही समाजांत समजावून सांगितले जाते, काहींत पाहून शिकण्याची अपेक्षा असते, आणि काहींत प्रश्न विचारणे हेच अर्धवट लक्ष दिल्याचे लक्षण मानले जाते. म्हणून नव्या समाजाची रीत शिकण्याआधी त्या समाजाची शिकवण्याची रीत ओळखणे हे नवागताचे पहिले काम आहे.

सुरुवातीचे आठवडे : कोठे पाहावे

सगळीकडे पाहायचे ठरवले की काहीच दिसत नाही, म्हणून सुरुवातीला मोजक्या जागा निवडाव्यात. भेटीची सुरुवात आणि शेवट ही त्यांपैकी पहिली जागा. मधले संभाषण विषयानुसार बदलते. परंतु आधी कोण बोलतो, कोण कोणाला काय म्हणून संबोधतो, मुख्य विषयाला हात घालण्यापूर्वी किती वेळ इतर विचारपूस होते आणि निघण्याची सूचना कोणत्या शब्दांनी दिली जाते, हे वारंवार तसेच घडत असल्याने लवकर लक्षात येते. हे टिपताना ‘लोक कसे वागतात’ असे मोघम लिहू नये. कोणी, कोणाशी, कोठे आणि कोणाच्या समक्ष, एवढे तरी नोंदवावे, कारण एकच शब्द दोन बरोबरीच्या माणसांत जिव्हाळ्याचा आणि वडीलधाऱ्यापुढे उद्धटपणाचा ठरू शकतो.

दुसरी जागा म्हणजे वेळ आणि अंतर. दहा भाषांतील संभाषणांचा एक तौलनिक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हो-नाहीच्या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात असे त्यात आढळले. जपानीत ही सरासरी अवघी ७ मिलिसेकंद, तर डॅनिशमध्ये सुमारे ४६९ मिलिसेकंद होती. हा फरक अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी आहे. तरीही जलद उत्तराची सवय असलेल्या माणसाला एवढाही विलंब नाराजीसारखा वाटू शकतो, आणि सावकाश बोलणाऱ्याला दुसरा आपले बोलणे तोडतो आहे असे वाटू शकते. म्हणून समोरच्याचे वाक्य संपल्यानंतर मनात एक आकडा मोजून मगच बोलावे, आणि त्या अवकाशात इतर काय करतात ते पाहावे. अंतराचेही तसेच आहे. एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये माणसे परस्परांत राखत असलेल्या अंतरांचे चार पट्टे मांडले. ती मापे मात्र मुख्यतः अमेरिकेतील मध्यमवर्गीयांच्या निरीक्षणातून आलेली होती, आणि इतर समाजांत ती वेगळी असतात हे त्यांनीच आवर्जून सांगितले. नवागताने उभे राहण्याचे अंतर समोरच्याला ठरवू द्यावे आणि तो जवळ आला तर लगेच मागे सरकू नये. मागे सरकणे हेही तेथे एक विधानच असते.

तिसरी जागा सर्वांत मोलाची, आणि ती म्हणजे दुरुस्ती. मोठी माणसे मुलांना कोठे अडवतात, कशावर डोळे वटारतात, कोणत्या चुकीकडे हसून दुर्लक्ष करतात आणि कोणत्या चुकीने सारी खोली गप्प होते, यावरून त्या समाजाला खरोखर काय महत्त्वाचे वाटते ते उघड होते. प्रौढांना त्यांचे नियम विचारले तर ते आदर्श सांगतात. मुलाला दटावताना मात्र त्यांच्या तोंडून प्रत्यक्ष चालणारा नियम बाहेर पडतो. ज्या घरात, वर्गात किंवा मैदानात लहान मुले असतील, तेथे मिळालेला एक तास पुस्तकांतील अनेक प्रकरणांपेक्षा अधिक शिकवतो.

लहानसे काम मागून घ्यावे

एवढे निरीक्षण झाले की काठावर उभे राहणे थांबवावे. या टप्प्याबद्दल मला सर्वाधिक सांगावेसे वाटते, कारण बहुतेक नवागत येथेच चुकतात. ‘आधी भाषा नीट येऊ द्या, मग मी लोकांत मिसळेन’ असे ते म्हणतात, आणि लोकांत मिसळल्यावाचून भाषा नीट येत नसल्याने ती वेळ येतच नाही.

जीन लेव्ह यांनी १९७० च्या दशकात लायबेरियातील वाय आणि गोला शिंप्यांकडे काम शिकणाऱ्या उमेदवारांचा अभ्यास केला. तेथे औपचारिक वर्ग नव्हते, आणि गुरू बसून धडे देत आहे असे दृश्यही क्वचितच दिसत असे. उमेदवार प्रथम कपडा पुरा करण्याची अखेरची कामे शिकत: बटणे लावणे, कडांची हातशिलाई, इस्त्री. त्यानंतर शिवण, आणि सर्वांत शेवटी कापड बेतणे. वस्तू ज्या क्रमाने तयार होते त्याच्या नेमक्या उलट क्रमाने शिक्षण चालते, यामागचे शहाणपण थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. बटण चुकले तर ते काढून पुन्हा लावता येते, बेतताना चूक झाली तर सारे कापड वाया जाते. शिवाय बटण लावणाऱ्याच्या हाती पुरा झालेला कपडा असतो, त्यामुळे आपण शेवटी कोठे पोहोचायचे आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून दिसत असते. आणि त्याचे काम किरकोळ असले तरी खोटे नसते, कारण तो कपडा खरोखर कोणाच्या तरी अंगावर जाणार असतो. या आणि अशा इतर अभ्यासांच्या आधारे लेव्ह आणि एतियेन वेंगर यांनी १९९१ मध्ये जी मांडणी केली, तिला मराठीत परिघावरचा रीतसर सहभाग म्हणता येईल.

नवागताने स्वतःसाठी असेच बटण लावण्याचे काम शोधावे. ते निवडताना तीन कसोट्या लावाव्यात. ते काम त्या लोकांना खरोखर हवे असावे. केवळ नवागताचे मन राखण्यासाठी निर्माण केलेले नसावे. त्यात चूक झाली तरी मोठे नुकसान होऊ नये. आणि ते करताना अनुभवी माणसे आजूबाजूला स्वतःचे काम करत असावीत, म्हणजे त्यांचे बोलणे, रुसवे, विनोद आणि हातघाईच्या वेळचे वागणे आपोआप कानावर आणि नजरेस पडत राहील. सभेआधी खुर्च्या मांडणे, सामुदायिक कार्यक्रमानंतर आवराआवर करणे, वाचनालयात पुस्तके जागेवर ठेवणे, खेळाच्या संघाचे साहित्य सांभाळणे, शेजाऱ्यांच्या एखाद्या कामाला हात लावणे, अशी कामे या कसोट्यांना उतरतात. व्याख्यानाला जाऊन मागच्या रांगेत बसणे उतरत नाही. अशा कामामुळे आणखी एक गोष्ट साधते: ‘ही व्यक्ती येथे का आली आहे’ या न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते, आणि उत्तर मिळाले की लोक सैल होतात.

तेच काम, तीच वेळ आणि तीच माणसे, असे निदान काही महिने धरून ठेवावे. दर आठवड्याला नव्या मंडळात डोकावणाऱ्याची ओळख खूप लोकांशी होते, पण त्याला चुकताना पाहून सुधारण्याइतके जवळ कोणीच येत नाही.

कामाच्या ओघात इतरांच्या भूमिका समजून घ्याव्यात. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉर्ज हर्बर्ट मीड यांचे विचार त्यांच्या मृत्यूनंतर, १९३४ मध्ये, व्याख्यानांच्या टिपणांवरून प्रसिद्ध झाले. त्यांत मुलांच्या नुसत्या खेळण्यात आणि नियमांनी बांधलेल्या सांघिक खेळात त्यांनी फरक केला. पहिल्यात मूल एका वेळी एकच भूमिका घेते. दुसऱ्यात मात्र आपल्या जागी उभे राहून इतर सर्व खेळाडू आपल्याकडून काय अपेक्षा करतील हे त्याला एकाच वेळी मनात धरावे लागते. समाजाचा सदस्य होणे हे या दुसऱ्या प्रकारचे आहे. ‘मी येथे काय करावे’ एवढाच प्रश्न घेऊन वावरणारा माणूस नियम पाळूनही परका राहतो. यजमानावर, कनिष्ठावर, विधवेवर, पाहुण्यावर त्या प्रसंगी कोणते ओझे असते हे ज्याला समजते, त्याचे स्वतःचे वागणे बऱ्याच अंशी आपोआप जागेवर येते.

चुकल्यावर काय करावे

चूक होणारच. हॅरॉल्ड गारफिंकेल यांनी १९६० च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांना एक काम दिले होते: स्वतःच्या घरी पंधरा मिनिटे ते तासभर, आपण तेथे भाड्याने राहणारे परके आहोत अशा रीतीने, अतिशय अदबीने आणि अंतर राखून वागायचे. घरच्यांना धक्का बसला, काही चिडले, मुलाचे काही बिनसले आहे काय अशी विचारणा झाली. विद्यार्थ्यांनी सभ्यतेचा एकही नियम मोडला नव्हता. त्यांनी फक्त न बोललेली अपेक्षा मोडली होती. अशा अपेक्षा मोडल्याशिवाय दिसतच नाहीत, म्हणून नवागताची चूक ही त्याला मिळालेली दुर्मीळ माहिती असते.

चूक लक्षात येताच थोडक्यात आणि साध्या शब्दांत दिलगिरी व्यक्त करावी. लांबलचक खुलासा देऊ नये, कारण त्याने समोरच्यावर सांत्वनाचे ओझे पडते. नंतर, गर्दी पांगल्यावर, विश्वासाच्या एका माणसाला विचारावे. त्या वेळी ‘मी काय चुकलो’ यापेक्षा ‘या जागी तुम्ही असता तर काय म्हणाला असता’ हा प्रश्न अधिक फलदायी असतो. पहिल्या प्रश्नाला शिष्टाचारापोटी ‘काही नाही हो’ असे उत्तर मिळते. दुसऱ्याला नेमके वाक्य मिळते, आणि ते वाक्य पुढच्या वेळी जसेच्या तसे वापरता येते. कालुली आई मुलाला जे आपणहून देते, ते प्रौढाला असे मागून घ्यावे लागते.

हा विश्वासाचा माणूस निवडताना, जो स्वतः कधी तरी बाहेरून आला आणि आता तेथे मुरला आहे, अशाला प्राधान्य द्यावे. जन्माने सदस्य असलेल्याला आपले नियम दिसत नाहीत. समाजशास्त्रज्ञ आल्फ्रेड शुट्झ यांना व्हिएन्ना सोडावे लागले आणि १९३९ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. पुढे १९४४ मध्ये त्यांनी परक्या माणसावर जे लिहिले, त्यात गटातील माणसांना जे प्रश्न विचारण्यासारखेच वाटत नाही, तेच परक्याला प्रश्न म्हणून दिसते, हा मुद्दा फार स्वच्छ मांडला आहे.

मुले सोबत असतील तर

मुले नवा समाज मुख्यतः बरोबरीच्या मुलांकडून शिकतात. त्यांचे उच्चार काही काळातच सवंगड्यांसारखे होतात, आई-वडिलांसारखे राहत नाहीत. याचे दुःख मानू नये. मात्र दोन बाबींत सावध राहावे. मुले लवकर भाषा शिकतात म्हणून दवाखान्यात, कार्यालयात किंवा कायद्याच्या कामात त्यांना दुभाषी करू नये. मोठ्यांचे आजार आणि अडचणी मुलाच्या तोंडून वदवून घेतल्याने त्याच्यावर त्याच्या वयाला न पेलणारी जबाबदारी पडते, आणि घरातील वडीलकीचा क्रमही उलटा होतो. दुसरे, घरची भाषा सोडून मोडक्यातोडक्या नव्या भाषेत मुलांशी बोलू नये. मुले दोन भाषा सहज वागवतात, पण आई-बापांना ज्या भाषेत रागावता, समजावता आणि गोष्ट सांगता येते, ती भाषा घरातून गेली तर तिची जागा भरून निघत नाही.

जुने किती सोडावे

मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी हा प्रश्न दोन भागांत केला: मूळची संस्कृती जपायची का, आणि नव्या समाजाशी संबंध वाढवायचे का. दोन्ही उत्तरांच्या जोड्यांतून विलीन होणे, वेगळे राहणे, दोन्हींशी नाते ठेवणे आणि दोन्हींना पारखे होणे असे चार मार्ग निघतात. स्थलांतरित तरुणांवर १३ देशांत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दोन्हींशी नाते ठेवणारे तरुण अधिक स्थिरावलेले आढळले. मात्र हा मार्ग एकट्या नवागताच्या हाती नसतो. ज्या समाजात त्याला काम, घर किंवा साधा मान नाकारला जातो, तेथे कितीही रीतभात शिकली तरी दार बंदच राहते, आणि त्याचा दोष त्याने स्वतःकडे घेऊ नये. अशा ठिकाणी सारा समाज एकच आहे असे न मानता, त्यातील ज्या गटात काम मिळेल आणि नावाने हाक मारली जाईल तो गट शोधावा.

किती काळ लागतो

कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ मध्ये रिओ दि जानेरो येथील भाषणात परक्या संस्कृतीत येणाऱ्या धक्क्याचे टप्पे सांगितले: आरंभीची भुरळ, मग वैताग, मग सावरणे, आणि शेवटी जुळवून घेणे. प्रत्येकाची वाटचाल याच क्रमाने होते असे नंतरच्या अभ्यासांत दिसले नाही. अनेकांना पहिल्याच दिवसांत सर्वाधिक त्रास होतो. अर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ मध्ये केलेली मांडणी मला अधिक आधार देणारी वाटते. जीवनातील स्थित्यंतरांच्या विधींत त्यांना तीन अवस्था दिसल्या: जुन्यापासून विलग होणे, उंबरठ्यावर असणे आणि नव्यात सामावले जाणे. नवागताचा मधला काळ हा उंबरठ्याचा काळ असतो, आणि अनेक समाजांनी त्या काळाला स्वतंत्र नाव, नियम आणि सोबती दिलेले आहेत. आधुनिक स्थलांतरात असे कोणी देत नाही, म्हणून उंबरठ्यावर असलेल्या दोघा-तिघांनी परस्परांना नियमित भेटावे. आठवड्यातून एक ठरलेली वेळ पुरते.

सामावले जाण्याच्या खुणा लहान असतात. लोक तुमच्यासमोर आपसातले मतभेद लपवत नाहीत. तुमची चूक हसून सोडून न देता तुम्हाला घरच्यासारखे बोलतात. एखादे काम न विचारता तुमच्या वाट्याला धरले जाते. आणि एके दिवशी नुकताच आलेला कोणी तरी तुम्हाला विचारतो की हे येथे असे का करतात, तेव्हा तुम्हाला कारण सांगता येत नाही. ‘येथे असेच करतात’ एवढेच तोंडून निघते. त्या माणसाला समजावत बसू नका. त्याच्या हाती एखादे काम द्या आणि आपल्या शेजारी जागा करून द्या.